कोरडं फडकं लावू देऊ नकोस

कोथरूड, पुणे
घटस्थापना

चि. सायली,


दसऱ्याला तुझी गाडी येते आहे हे ताईकडून कळलं, फार आनंद झाला. गडद निळा रंग घेतलास. देखणा आहे, पण काळ्याच्या खालोखाल सांभाळायला तोच अवघड. इंजिनाचं सगळं गाडीबरोबरच्या पुस्तकात असतं, सर्व्हिसिंगची आठवण करून द्यायला फोन येतात. रंगाबद्दल मात्र कुणी काही सांगत नाही आणि वर्षभरात नवी गाडी जुनी दिसायला लागते. माझी सगळी नोकरी गाड्यांच्या कारखान्यात, पेंट शॉपमध्ये गेली, म्हणून हे पत्र. सवडीनं वाच, पण गाडी ताब्यात घेण्याआधी वाच.

तुझ्या गाडीवर नेमकं काय असतं ते आधी सांगतो. पत्र्याची कोरी बॉडी धुतात, फॉस्फेटच्या द्रावणातून काढतात आणि मग प्रायमरच्या भल्यामोठ्या टाकीत अख्खी बुडवून विजेच्या जोरावर तिच्या कानाकोपऱ्यात पहिला थर बसवतात. त्याला आम्ही ईडी कोट म्हणायचो. गंजापासून खरं रक्षण तोच करतो. त्याच्यावर सहसा आणखी एक प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन. हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर होतो, यावरून अंदाज घे. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे बहुतेकांच्या डोक्याच्या केसाहून बारीक. चकाकी त्याची, उन्हाचा मारा सोसणारी द्रव्यं त्याच्यात, आणि ओरखडे पडतात तेही त्याच्यावरच.

हा थर बसवताना काय काळजी घेतात ते तू पाहायला हवं होतंस. बूथमध्ये शिरण्याआधी अंगभर सूट घालून हवेच्या झोताखाली उभं राहावं लागे. डोक्याला तेल किंवा अंगाला सुगंधी फवारा मारून आलेल्या माणसाला आत सोडत नसत, कारण त्यातल्या सिलिकॉनचा अंश जरी ओल्या रंगात पडला तरी तिथे बारीक खड्डा होतो. रंग मारायच्या आधी बॉडीवरची उरलीसुरली धूळ टिपायला कित्येक कारखान्यांत इमू किंवा शहामृगाच्या पिसांचे रोलर असतात. मग भट्टी. क्लिअर कोट साधारण १४० अंशांना भाजून पक्का होतो. तयार गाडीला हा ताप पुन्हा देता येत नाही, कारण आता तिच्यात वायरी, प्लास्टिक, रबर आणि टाकीत पेट्रोल असतं. म्हणून डेंटिंग-पेंटिंगवाले हार्डनर मिसळलेला वेगळा रंग वापरतात आणि तो ६० अंशांच्या आसपास वाळवतात. चांगल्या कारागिराचं काम सुंदर असतं, त्याबद्दल मला आदर आहे. तरी कारखान्यातून आलेला थर एकदाच मिळतो. विमा आहे, वाटलं तर पुन्हा रंगवून घेऊ, असा विचार करून तो घालवू नकोस.

आता तुमच्या खराडीच्या सोसायटीत पहाटे काय चालतं ते बघ. गाड्या पुसणारा दादा एक बादली आणि एक फडकं घेऊन पाचला सुरुवात करतो. पाचव्या-सहाव्या गाडीला बादलीतलं पाणी तांबूस-काळं झालेलं असतं. तुझ्या गाडीपाशी येईपर्यंत त्या फडक्यात आधीच्या सगळ्या गाड्यांची रेती साठलेली असते, आणि तेच फडकं तो बॉनेटवर गोल गोल फिरवतो. खराडी-वाघोलीकडची धूळ साधी माती नव्हे. बांधकामाचं सिमेंट आणि खाणी-क्रशरमधून उडालेली काळ्या दगडाची भुकटी तिच्यात असते. क्लिअर कोट शेवटी एक प्रकारचं प्लास्टिक. दगडाच्या कणापुढे त्याचा टिकाव लागत नाही. रोज पुसून पुसून दोन महिन्यांत बारीक ओरखड्यांचं जाळं तयार होतं. सावलीत ते दिसत नाही. रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली उभी राहा आणि कुठल्याही वर्षभर जुन्या गाडीच्या बॉनेटकडे बघ, दिव्याभोवती गोल गोल रेघा चमकताना दिसतील. ऊन-पावसानं बिघडलेले रंग मी पाहिले, पण पुसून बिघडलेले त्याहून कितीतरी जास्त पाहिले.

यात त्या दादाचा दोष नाही. उजाडायच्या आत त्याला इतक्या गाड्या उरकायच्या असतात, आणि गाडी रोज ओली दिसली नाही तर लोक पैसे कापतात. त्याला काढू नकोस. त्याच्याशी नीट बोल. रोज फक्त काचा आणि आरसे पूस, बॉडीला हात लावू नकोस, असं सांग. आठवड्यातून एकदा धुवायची, तीही तुझ्या बादल्या आणि तुझी मायक्रोफायबरची फडकी वापरून. पैसे पूर्ण महिन्याचे द्यायचे, वर थोडे जास्तच दे. धूळ बसलेली गाडी बघून शेजारी दोन शब्द बोलतील, बोलू देत. बसलेली धूळ काही करत नाही, घासलेली धूळ करते. धुळीवर बोटानं नाव लिहिणाऱ्या पोरांना मात्र प्रेमानं अडव, तो ओरखडा धुतल्यावरही राहतो.

धुण्याची रीत सोपी आहे. गाडी सावलीत आणि बॉनेट गार. आधी नुसतं पाणी वरून सोडून सुटी धूळ वाहून जाऊ दे, या टप्प्याला हात लावायचाच नाही. मग एका बादलीत गाड्यांचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. हातमोजा शाम्पूत बुडवायचा, टपापासून खाली येत एक भाग धुवायचा, मोजा साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा आणि मगच पुन्हा शाम्पूत घालायचा. हात सरळ रेषेत चालव, गोल नको. दाराचा खालचा भाग सगळ्यात शेवटी, कारण खरी रेती तिथेच असते. चाकांचं फडकं कायमचं वेगळं. भांड्याचा साबण किंवा कपड्यांची पावडर वापरू नकोस. त्यानं लावलेलं मेण निघून जातं आणि रबरं कोरडी पडतात. शेवटी जाड मायक्रोफायबर टॉवेल अंथरून पाणी टिपून घे. धुण्याआधी अंगठी, घड्याळ, बांगडी काढून ठेव. एवढ्याला तीन-चार बादल्या पाणी पुरतं, नळी सोडून धुण्याची गरज पडत नाही. आपल्याकडे उन्हाळा लागला की पाणीकपातीची चर्चा सुरू होते, तेव्हा नळी नकोच.

पाणी कुठलं, हेही बघ. धरणाचं नळाचं पाणी चांगलं असतं. टँकरचं नि बोअरचं जड, क्षारांनी भरलेलं. ते उन्हात गाडीवर वाळलं की पांढरे गोल डाग उरतात, आणि बरेच दिवस तसेच राहिले तर क्लिअर कोटमध्ये रुततात. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी साठवून त्यानं गाडी धुण्याची सवय हल्ली बऱ्याच घरांत आहे. पाणी वाचवायची वृत्ती मला आवडते, पण यंत्र जे क्षार वेगळे काढतं ते त्याच पाण्यात असतात. ते फरशीला वापर, चाकांना वापर. गाडीवरचं शेवटचं पाणी मात्र नळाचंच असू दे. सोसायटीच्या एसटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करून मिळणाऱ्या, पाण्यालाही हाच नियम. डाग पडलेच तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी एकत्र करून सावलीत हलक्या हातानं लाव, मिनिटभरानं भरपूर पाण्यानं धुऊन टाक.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट बघायची. तुझी जागा तळमजल्याच्या पार्किंगमध्ये आहे. स्लॅबमधून ठिबकणारं पाणी सिमेंटमधला चुना घेऊन येतं. त्याचे डाग नळाच्या डागांपेक्षा पुष्कळ चिवट असतात, आणि लोकांना ते कशाचे तेच कळत नाही. गळती दिसली तर त्याच दिवशी जागा बदलून माग आणि कमिटीला लेखी कळव.

ताईकडे येतेस तेव्हा प्रभात रोडला झाडाखाली गाडी लावशील. सावली हवीच, पण वर काय आहे ते बघून. माघ-फाल्गुनात आंब्याला मोहोर आला की तुडतुडे पडतात आणि त्यांचा चिकटा खाली उभ्या गाडीवर बारीक थेंबांनी बसतो; त्यावर धूळ बसली की काळा थर होतो. पर्जन्यवृक्षाच्या शेंगाही चिकट. जांभळाखाली मे-जूनमध्ये गाडी लावूच नये. वड-पिंपळ पिकले की रात्री वटवाघळं येतात. आणि कबुतरं तर बाराही महिने. पक्ष्यांच्या विष्ठेत युरिक आम्ल असतं. बॉनेट उन्हात इतकं तापतं की हात ठेववत नाही; त्या तापानं क्लिअर कोट किंचित मऊ होतो, संध्याकाळी गार होताना आक्रसतो, आणि विष्ठेच्या कडेनं कायमचा ठसा उमटतो. चैत्र-वैशाखात याला एक दुपार पुरते. म्हणून दाराच्या कप्प्यात पाण्याची फवाऱ्याची बाटली आणि टिश्यू कागद ठेव. डागावर ओला कागद पाच-दहा मिनिटं ठेवायचा आणि अलगद उचलायचा. खरवडायचं नाही, कोरडं पुसायचं तर नाहीच. एक्स्प्रेस वेवरून रात्री आल्यावर बंपरला चिकटलेल्या किड्यांनाही हाच उपाय, फक्त कागदाऐवजी ओला टॉवेल.

दसऱ्याच्या पूजेबद्दल लिहिताना मला जपून लिहायला हवं, कारण घरच्यांना त्यात कमी पडलेलं चालणार नाही, आणि पडूही नये. यंत्राची पूजा झालीच पाहिजे. फक्त स्वस्तिक बॉनेटवर न काढता पुढच्या काचेच्या कोपऱ्यात काढायला सांग. बाजारातल्या बऱ्याचशा कुंकवात कृत्रिम रंग असतो, ओलं कुंकू रंगावर रात्रभर राहिलं की त्याची गुलाबी छटा निघता निघत नाही. झेंडूच्या हाराला तार असेल तर ती काढून दोऱ्यात ओवून घे. वाऱ्यावर ती तार जाळीवर आणि बंपरवर घासत राहते. हार दुसऱ्या दिवशी उतरव, फुलं सडली की त्यांचा रस डाग पाडतो. नारळ जमिनीवर फोड, चाकापासून लांब. पुढे अनंत चतुर्दशीला किंवा रंगपंचमीला गाडीवर गुलाल पडला तर झटकू नकोस, भरपूर पाण्यानं वाहून जाऊ दे.

शोरूममध्ये तुला कोटिंग घ्यायचा आग्रह होईल. ‘टेफ्लॉन’ म्हणतील तर सरळ नको म्हण. टेफ्लॉन, म्हणजे पीटीएफई, वितळतं ३२७ अंशांना. तव्यावर ते बसतं तसं गाडीच्या रंगावर बसवताच येत नाही. त्या नावानं जे लावतात ते बहुधा पॉलिमरचं किंवा मेणाचं पॉलिश असतं. सिरॅमिक कोटिंग खरं आहे. पाणी निसटून जातं, घाण चिकटत नाही, विष्ठेला आणि चिकट्याला उतारा मिळतो. पण ‘९एच’ सांगून ते ओरखडामुक्त म्हणून विकतात, तिथे सावध हो. ९एच हे पेन्सिलीच्या शिशाचं माप आहे, आणि थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा. क्रशरच्या धुळीचं कोरडं फडकं त्यालाही ओरखडतं. तू वारंवार मुंबईला जाणार असशील तर बॉनेटच्या पुढच्या कडेला आणि आरशांना पीपीएफची पारदर्शक फिल्म लावून घे. ती दीडशे-दोनशे मायक्रॉन जाड असते, उडालेला खडा तीच झेलते. बाकी गाडीला दोन-तीन महिन्यांनी चांगलं मेण किंवा सीलंट स्वतःच्या हातानं लावलंस तरी माझ्या मते पुरे. कारनौबा मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं आणि ऐंशी अंशांच्या वर वितळतं, त्यामुळे आपल्या उन्हातही टिकतं. कारखान्यातला रंग पक्का भाजलेला असतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात लावायला हरकत नाही. गॅरेजमध्ये रंगवलेल्या पॅनेलला मात्र महिनाभर थांबायचं.

‘रबिंग-पॉलिश’ हा शब्द ऐकलास की हात आखडता घे. जुन्या प्रीमियर पद्मिनींना वर्षातून दोनदा रबिंग मारायचे, कारण त्यांचा रंग एकेरी असायचा, वरचा फिका पडलेला भाग घासून काढला की खालचा ताजा दिसायचा आणि फडकं गाडीच्याच रंगाचं होऊन यायचं. तुझ्या गाडीत फडक्यावर निळा रंग आला तर क्लिअर कोट संपला असं समज. रबिंगनं प्रत्येक वेळी काही मायक्रॉन जातात, आणि मोजकेच आहेत. शोरूमवाले डिलिव्हरीआधी ‘चमकवून’ देतात, त्यांना आजच फोन करून सांग की नुसती धुऊन द्या, मशीन लावू नका.

मोशी, चाकण, वाघोलीच्या रस्त्यांवर डंपरच्या मागे राहू नकोस. खडा लागून टवका उडाला आणि आत पत्रा दिसला, तर पाऊस यायच्या आत टचअपचा एक थेंब काडीच्या टोकानं भर. रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर असतो. आणि कोकणातून आलीस की गाडीच्या पोटाखालून पाणी मारून घे, खाऱ्या हवेचा नि तांबड्या मातीचा थर तिथे बसून राहतो.

दसऱ्याला शोरूममध्ये मी येतो. वेळ सकाळची माग, उजेड चांगला असताना. गाडी बाहेर उन्हात काढायला लावू आणि सही करण्याआधी चारी बाजूंनी तिरक्या नजरेनं बघू. टपाकडे लोक बघायचे विसरतात, म्हणून छोटं स्टूल असेल तर तेही त्यांना मागून ठेव. दोन बादल्या, हातमोजा आणि फडकी मी घेऊन येतो, तू विकत घेऊ नकोस.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा