केस कुणाचेही असोत

काल रात्री फोनवर रडलीस आणि शेवटी म्हणालीस, "काही नाही गं ताई, सर्दी झालीय." सर्दी कसली माय? माझ्यापाशी तरी लपवू नकोस. न्हाणी तुंबली, पाणी उंबऱ्यावरून आत आलं, नेमके पाव्हणे जेवायला बसलेले, आणि सासूबाई सगळ्यांदेखत बोलल्या, "सुनेचे केस लांब अन् आमची न्हाणी लहान." एवढंच ना? पोरी, हे वाक्य मी माझ्या लग्नाच्या पहिल्या वर्षी ऐकलंय. शब्द थोडे वेगळे होते, जाळीवरचे केस तेच.

तेव्हा मी काय केलं ते तुला कधी सांगितलं नाही, कारण शरम वाटते. घरात कुणी नाही बघून मी सरपणातली एक तुराटी घेतली आणि भोकात खुपसली. आत गेली, वळणाशी अडली, मी जोर लावला, कट्ट! अर्धी हातात, अर्धी आत. ती काढायला दुसरी घातली. तीही मोडली. दोन तुराट्यांभोवती केसांचं असं घरटं झालं की आधी निदान झिरपत होतं ते पाणीही थांबलं. मग घरच्यांनी एका माणसाला बोलावलं. त्यानं बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. हातमोजा नाही, काही नाही. दहा मिनिटांत सगळं बाहेर काढून ठेवलं. त्याला चहा दिला तो अंगणात, कान तुटलेल्या कपात, आणि तो कप नंतर आत आणला गेला नाही. घाण माझ्या केसांची, हात त्याचा, आणि विटाळ पुन्हा त्याचाच! त्या दिवशी ठरवलं की माझ्या न्हाणीत हात घालायची पाळी कुणावर यायला नको, माझ्यावरही नाही. तेव्हापासून मी न्हाणी मोकळी करायच्या हत्यारांच्या मागं लागले. तुझे दाजी मला 'नालीइंजिनिअर' म्हणतात. म्हणू देत.

आधी एक गोष्ट मनात पक्की कर. नुसत्या केसांनी न्हाणी तुंबत नाही. तुमच्याकडं बोअरचं पाणी. साबण लावून लावून फेस येत नाही, असं तूच म्हणतेस ना? जड पाण्यातला चुना साबणाशी मिळाला की पांढरट, दह्यासारखा चिकट साका तयार होतो. तो पाइपाच्या आतून बसतो, केस त्याला चिकटतात, केसांना आणखी साका चिकटतो. त्यात खोबरेल तेल. ते चोवीस अंशांच्या खाली थिजतं, म्हणून दिवाळीत अभ्यंगस्नानं झाली की चार दिवसांत न्हाण्या तुंबायला लागतात. पायाची माती, उटणं, मामंजींच्या दाढीचा साबण, सगळ्यांचा वाटा आहे. हे सासूबाईंना ऐकवायला जाऊ नकोस. तुला माहीत असलं तरी पुरे, मान खाली घालायची गरज राहत नाही.

आता न्हाणीची जाळी उचलून बघ. खाली वाटीसारखं भांडं असेल, त्यात दोनेक इंच पाणी कायम साचून राहतं. तेच पाणी नालीची घाण वर येऊ देत नाही. देशभरातले प्लंबर याला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात, इंजिनिअरिंगच्या पुस्तकांतही तसंच छापतात. आपल्या न्हाणीचा शब्द इंग्रजीत जाऊन बसलाय, गंमत आहे की नाही? बहुतेक वेळा अडकलेलं सगळं इथंच, वीतभर खोलीच्या आत असतं. आणि आपण मात्र लांब काठी घालून तेच पुढं, वळणापलीकडं ढकलतो. ढकलायचं नसतं गं, ओढायचं असतं. तुराटी, खराट्याची काडी, छत्रीची तार ही सगळी ढकलायची हत्यारं, म्हणून ती फसतात.

ओढायचं सगळ्यात सोपं हत्यार पाच मिनिटांत होतं. हार्डवेअरच्या दुकानातून हातभर लांब, जाड केबल टाय आण. दोन्ही कडांना कात्रीनं तिरपे काप दे, एक डावीकडं तर पुढचा थोडा खाली उजवीकडं. समोरासमोर दिलेस तर पट्टी तिथंच तुटेल. कापांची टोकं तुझ्या हाताकडं वळलेली हवीत, गळाच्या काट्यासारखी. आत जाताना सुळकन जाते, बाहेर येताना केस धरून येते. बाजारात अशी तयार पट्टीही मिळते, पण ती फार लवचीक, वळणाशी दुमडते.

वळणापलीकडं अडलं असेल तर तार लागते, आणि इथं मी बरीच वर्षं घालवली. बांधायची बारीक तार घातली, ती आतच वेटोळी झाली. जाड तार घातली, ती वळेना. मोटारसायकलची क्लच वायर बरी निघाली, पण फिरवली की हाताशीच पिळा पडायचा, टोक जागचं हलायचं नाही. एक दिवस गॅरेजसमोर उभी होते. मिस्त्री एका जुन्या स्कूटरची स्पीडोमीटरची वायर बदलत होता. त्यानं आतली वायर ओढून काढली, जाड, तेलकट, उलटसुलट थरांनी विणल्यासारखी. मी हातात घेऊन एक टोक फिरवलं तर दुसरं टोक लगेच फिरलं! अगं, तिचं कामच ते. चाकाचं फिरणं वळणावळणानं काट्यापर्यंत पोचवायचं. न्हाणीला नेमकं हेच हवं होतं.

तेव्हा बिलोलीतल्या कुठल्याही जुन्या गॅरेजात जा आणि टाकून दिलेली स्पीडोमीटरची आतली वायर माग. बऱ्याच नव्या गाड्यांना ती नसते, भंगारात मिळेल. बहुतेक फुकट देतील, वर "कशाला पाहिजे, ताई?" म्हणून हसतील. रॉकेलनं पूस. एक टोक लाकडी मुठीत भोक पाडून बसव, एम-सील लाव, रात्रभर वाळू दे. दुसऱ्या टोकापासून दोन बोटं सोडून बांधायच्या तारेनं घट्ट आवळ, म्हणजे पुढं उसवणार नाही. मग त्या दोन बोटांतल्या वरच्या तारा पक्कडीनं सुट्या करून बाहेर वाकव. बाभळीच्या काट्यासारखं दिसलं की झालं.

एवढं करूनही माझी वायर हात आणि जाळी यांच्यामध्ये धनुष्यासारखी वाकायची. जोर तिथंच संपायचा. त्यावर उपाय तुझ्या दाजींनी काढला, हे मान्य करायला हवं. अर्धा इंची पाइपाचा दीड हात तुकडा घ्यायचा, वायर त्यातून ओवायची, पाइपाचं तोंड ट्रॅपच्या भोकाशी टेकवायचं आणि वरून मूठ फिरवत सरकवायची. वायर वाकायला जागाच उरत नाही. उभ्यानं होतं, कंबर धरत नाही, शिंतोडे अंगावर येत नाहीत. अडलं की दाबू नकोस. एकाच दिशेनं आठ-दहा वेळा फिरव, मग हळू ओढ. पहिल्यांदा जे बाहेर येईल ते बघून पोटात ढवळेल. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाक, नालीत नको.

याच विचारानं एका अमेरिकन माणसानं मोठा धंदा उभा केला. सॅम्युएल ब्लँक त्याचं नाव. तुंबलेल्या पाइपाला वैतागला आणि 1933 साली धुलाई यंत्राची मोटर, स्केटिंगच्या बुटांची चाकं आणि पोलादी दोर जोडून फिरती तार केली. फिरणारी तार त्याचीही, माझीही. मोटर तेवढी त्याच्याकडं होती.

रबरी वाटीचा दांडा, तो प्लंजर, तुझ्या घरी आहे म्हणालीस. त्याचं काम वर ओढताना जास्त होतं, आणि स्वस्तातल्या प्लंजरचा दांडा नेमका तेव्हाच वाटीतून निसटून हातात येतो. वाटीच्या आतून वायसर घालून दांड्यात एक स्क्रू पिळ. वाटी बुडेल इतकं पाणी असू दे, हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. बेसिनला वापरताना वरचं छोटं भोक ओल्या फडक्यानं बंद कर, नाहीतर सगळा दाब तिथून पळतो.

पुडीतली पावडर टाकायचा मोह होईल. जपून. तो बहुधा कॉस्टिक सोडा असतो, पाण्यात पडला की उकळतो, कातडी आणि डोळे जाळतो. टाकलीच असेल तर त्यावर प्लंजर मारू नकोस, उडून तोंडावर येईल. आणि ॲसिड व ब्लीचिंग पावडर एकत्र कधीही नाही, विषारी वायू होतो, बंद न्हाणीत जिवावर बेतेल. सोडा-लिंबाची फसफस दिसायला छान, त्यानं केस हलत नाहीत. उकळतं पाणीही पीव्हीसीच्या पाइपात ओतू नकोस, पाइप मऊ पडतो. हाताला सोसेल त्याहून थोडं गरम, बस्स.

स्वयंपाकघराचं थोडक्यात: पिठाची परात आणि पिठल्याची कढई आधी पुसून काढायची, मग धुवायची. चहाचा चोथा तुळशीला.

आणखी एक बघून ठेव, पाणी पुढं जातं कुठं? उघड्या नालीत जात असेल तर घरात शोषखड्ड्याचा विषय काढ. आपल्याच जिल्ह्यात, हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं घरोघर असे खड्डे केले. चार फूट लांब, रुंद, खोल. मधे भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड. गाळ टाकीत बसतो, पाणी भोकांतून मुरतं. उघडी नाली गेली, तिच्याबरोबर डासही गेले, आणि पुढं ही रीत 'नांदेड पॅटर्न' म्हणून राज्यभर गेली. ती टाकी मात्र अधूनमधून उपसायला लागते, हे लोक विसरतात. लांब दांड्याचं डोलचं कर त्यासाठी, डालडाचा डबा आणि बांबू पुरतो.

माझ्या न्हाणीत हात घालणाऱ्या त्या माणसाचा कप मला अजून आठवतो बघ. तो आठवला की गांधीवादी आप्पासाहेब पटवर्धन डोळ्यांपुढं येतात. त्यांनी 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मागितलं. ब्राह्मण म्हणून नाकारलं, तर उपास धरला, गांधीजींनीही त्यांच्यासाठी धरला. पण मला त्यांचं पुढचं जास्त आवडतं. कणकवलीला गोपुरी आश्रमात बसून ते संडासाच्या रचनेवर प्रयोग करत राहिले, हातानं उपसायची वेळच येऊ नये म्हणून. 2013 साली हातानं मैला उपसायला बंदी घालणारा कायदाही आला, तरी वाकून हात घालणारा माणूस कुणाच्या तरी दारात अजून दिसतोच. तुझ्या दारात नको, एवढं बघ.

सासूबाईंचं काय करायचं म्हणतेस? काही नाही. पुढच्या रविवारी त्या घरात असताना वायर काढ आणि कुणाला न बोलावता न्हाणी मोकळी कर. पांढरे केसही येतील बाहेर, येणारच. तू काही बोलू नकोस. गुंडाळायचे आणि टाकायचे.

आणि पंचमीला माहेरी येशील तेव्हा गॅरेजातून माझ्यासाठीही एक वायर आण. माझी होती ती तुझ्या दाजींनी परवा गाडीवर पोतं बांधायला नेली.