जीपगाडीला मोठे टायर : गाडी न उचलता किती मोठे घालावेत?



गळिताचा हंगाम तोंडावर आला की आपल्या जिपा आणि पिकअप गाड्यांची खरी परीक्षा सुरू होते. पाऊस नुकताच उघडलेला असतो, पाणंदीतला चिखल वरून सुकलेला आणि आतून ओलाच असतो. त्यात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या. जीपची चाके चाकोरीत उतरतात आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. मुकादमाकडे शिधा पोचवायचा असो, दुधाच्या किटल्या असोत, की रात्री-अपरात्री आजारी माणसाला डांबरी रस्त्यापर्यंत आणायचे असो, गाडी तिथेच बसली तर पुढचे सगळेच अडते. म्हणून वजनकाट्याच्या रांगेत हल्ली एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "मोठे टायर टाकले तर?"

प्रश्न रास्त आहे. पण गाडीचे स्प्रिंग, ठोकळे न बदलता, म्हणजे गाडी न उचलता, किती मोठा टायर बसतो आणि त्यातून हाती काय लागते, याचा हिशेब बहुतेक जण टायर बसवून झाल्यावर करतात. तो आधी करावा यासाठी हा लेख.

टायरवरचे आकडे वाचायला शिका

आपल्या भागात बोलेरो गाड्या पुष्कळ आहेत, म्हणून तिचेच उदाहरण घेऊ. या गाडीला सर्वसाधारणपणे २१५/७५ आर १५ या मापाचा टायर येतो. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या शेकडा किती, ते. 'आर' म्हणजे रेडियल बांधणी, आणि शेवटचे १५ म्हणजे आतल्या लोखंडी रिमचा व्यास, इंचांत.

आता पाटी-पेन्सिल घ्या. २१५ चे शेकडा ७५ म्हणजे १६१ मिलिमीटर आणि वर थोडे. ही बाजू वर एक, खाली एक, म्हणून दुप्पट केली की ३२२.५. पंधरा इंचांचे ३८१ मिलिमीटर होतात. बेरीज ७०३.५ मिलिमीटर. हा झाला संपूर्ण चाकाचा व्यास. याच रीतीने २३५/७५ आर १५ चा हिशेब केला तर ७३३.५ येतात. म्हणजे व्यास ३० मिलिमीटरने वाढला.

इथेच पुष्कळांची फसगत होते. व्यास ३० ने वाढला तरी गाडी ३० ने उंच होत नाही. चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंतचे अंतर तेवढे उपयोगी, आणि ते निम्मेच वाढते. म्हणजे १५ मिलिमीटर, दीड सेंटिमीटर. करंगळीच्या जाडीएवढे म्हणा. एवढ्यासाठी पाच टायरांचा खर्च करायचा का, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण आकडा माहीत असावा.

त्याहून गमतीची गोष्ट अशी की, आपल्यापैकी अनेकांच्या गाड्यांवर आज जे टायर आहेत ते झिजून गुळगुळीत झालेले आहेत. नव्या टायरची नक्षी नऊ मिलिमीटर खोल धरली आणि ती दोनवर आली, तर गाडी सात मिलिमीटर खाली आलेलीच असते. त्याच मापाचा नवा टायर घातला तरी हे सात मिलिमीटर परत मिळतात. मोठ्या टायरमुळे जी उंची मिळायची, तिच्यातली जवळजवळ निम्मी! नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की मोटार वाहन नियमांप्रमाणे तसा टायर रस्त्यावर चालवताच येत नाही. नक्षीच्या खोबणीत तळाला आडव्या छोट्या उंचवट्या असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला असे समजावे.

मग गाडीच का उचलू नये?

काही गॅरेजवाले स्प्रिंगखाली ठोकळे घालून गाडी दोन-तीन इंच उचलून देतात. गाडी ऐटदार दिसते, हे खरे. पण बोलेरोसारख्या गाडीचा मागचा आस अखंड असतो आणि त्याच्या मधोमध डिफरन्शियलचा गोळा लोंबतो. चाकोरीतल्या उंचवट्याला बहुधा तोच लागतो. ठोकळे घातल्याने वरची बॉडी उचलली जाते, गोळा जिथल्या तिथे राहतो. गोळा उचलायचा तर चाकाचा व्यासच वाढवावा लागतो. म्हणजे ज्या कामासाठी पैसे घातले ते काम झालेच नाही, उलट गाडीचा भार वर गेला. बांधावरून तिरकी उतरताना, किंवा वळणावर मागे माणसे बसलेली असताना, अशी गाडी लवकर कलंडते. ब्रेकच्या रबरी नळ्या ताणल्या जातात आणि प्रॉपेलर शाफ्टचे सांधे वाकडे चालून लवकर झिजतात ते वेगळेच.

कायद्याचेही पाहिले पाहिजे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हीच गोष्ट स्पष्ट केली. मालवाहू गाडीच्या नोंदणीत तर टायरचे मापही लिहिलेले असते. तेव्हा पिकअपवाल्या सभासदांनी कागद आधी उघडावा, दुकानाची पायरी नंतर चढावी. विमा कंपनीलाही मापाबद्दल अगोदर लेखी विचारून घ्यावे. अपघात झाल्यावर विचारण्यात काही अर्थ नसतो.

जागा मोजायची ती भरल्या गाडीची

समजा २३५/७५ घ्यायचे ठरवले. टायर उभा असताना मडगार्डखाली चार बोटे जागा दिसते, म्हणून दुकानदार म्हणतो, "बसतंय की!" उभ्या आणि रिकाम्या गाडीत बसते, यात शंका नाही. पण आपली गाडी रिकामी कधी असते?

आम्ही सांगतो ती रीत करून पहा. गाडीत नेहमीचा बोजा भरा. युरियाची गोणी आता ४५ किलोची असते, त्या हिशेबाने गोण्या टाका, पण गाडीच्या परवानगीच्या भाराबाहेर जाऊ नका. मग पुढचे एक चाक बांधावर किंवा दगडी पायरीवर चढवा, म्हणजे स्प्रिंग पुरती दबेल. हँडब्रेक ओढा, बाकीच्या चाकांना दगडाची उटी लावा. आता स्टिअरिंग एका टोकापर्यंत फिरवा आणि बघा. नंतर दुसऱ्या टोकापर्यंत. पुढच्या बंपरचा कोपरा, मडगार्डची आतली दुमडलेली कड, चाकामागे पायदानाच्या बाजूला बॉडीचा भाग, आणि आतल्या अंगाला ब्रेकची नळी व स्टिअरिंगचे दांडे, अशा चार जागी टायर लागू शकतो. जिथे संशय वाटतो तिथे कणकेचा छोटा गोळा चिकटवा आणि चाक पुन्हा फिरवा. गोळा चपटा होऊन जेवढा उरला तेवढीच जागा. आत्ता जुना टायर आहे. नवा टायर वर १५ मिलिमीटर आणि दोन्ही अंगांना १०-१० मिलिमीटर जास्त येणार. उरलेल्या जागेतून तेवढे वजा करा. त्यानंतरही बोटभर जागा राहिली पाहिजे, कारण चिखलाचा थर चढतो तेव्हा टायर आणखी जाड होतो. मागच्या चाकांना स्टिअरिंगचा प्रश्न नाही, पण आतल्या बाजूला पाट्याचे स्प्रिंग असते, ते तपासा.

जागा पुरत नाही असे दिसले की काही मिस्त्री स्टिअरिंगचा अटकाव बोल्ट पुढे काढून चाक कमी वळेल असे करतात. टायर घासत नाही, पण वळसा मोठा होतो. शेताच्या तोंडाशी जिथे एका दमात वळते तिथे तीन वेळा मागे-पुढे करावे लागते. आम्हाला ही युक्ती पसंत नाही.

रिमही पाहावा. २३५ रुंदीच्या टायरला निदान सहा इंच रुंदीचा रिम लागतो. रुंदी रिमवर ठोकलेली असते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर तो मधोमध फुगतो आणि वळणावर डुलतो.

आणि ते एकतीस इंची जाडजूड टायर? त्यांचा व्यास साधारण ७८७ मिलिमीटर, म्हणजे मूळ टायरपेक्षा शेकडा बारा जास्त. गाडी न उचलता, पत्रा न कापता ते घालायचा विचार सोडून द्यावा. ओम्नीसारख्या व्हॅनचे तर विचारूच नका. तिचे बारा इंची पुढचे चाक सीटच्या खालीच फिरते, तिथे मोठ्या टायरला जागा कुठली? तिला मूळचेच माप बरे.

गिअर, मीटर आणि भार

चाक मोठे झाले की एका फेरीत गाडी जास्त अंतर जाते. आपल्या उदाहरणात शेकडा चारांहून थोडे अधिक. परिणामी मीटरवर ६० दिसत असेल तेव्हा गाडी खरोखर साडेबासष्टने पळत असते. किलोमीटरही कमी नोंदले जातात: मीटर १०,००० म्हणेल तेव्हा गाडी सुमारे १०,४२५ चाललेली असेल. म्हणून मोठे टायर घातल्यावर "अॅव्हरेज पडलं" अशी ओरड करणाऱ्यांनी आधी ही दुरुस्ती करावी आणि मग ओरडावे. थोडे पडतेच, कारण टायर वजनदार असतो.

ओढ मात्र त्याच प्रमाणात कमी होते. भरली गाडी चढावर पहिल्या गिअरमध्ये सुटताना क्लच जास्त घासतो. ब्रेकलाही जड चाक थांबवायला जास्त श्रम पडतात.

भाराचा आकडा विसरू नका. मापाच्या पुढे १००, १०४, १०९ असा आकडा आणि त्याला चिकटून एक अक्षर असते. १०० म्हणजे एका टायरने ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०९ म्हणजे १,०३० किलो पेलावे, तेही ठरलेली हवा भरलेली असताना. अक्षर वेगाचे: क्यू असेल तर ताशी १६०, एस असेल तर १८०. दिसायला दांडगा असलेला टायर मूळ टायरपेक्षा कमी भाराचा असू शकतो. मूळ आकड्याच्या खाली कधीही जाऊ नये. चारांची बेरीज करून "बत्तीसशे किलो चालतंय" असाही हिशेब करू नये. बोजा चारी चाकांवर सारखा पडत नाही, मागच्या दोनांवर जास्त पडतो.

नक्षी आणि आपली काळी माती

खरे तर टायरच्या मापापेक्षा नक्षीचा फरक आपल्याला जास्त जाणवतो. ऑल-टेरेन टायरची नक्षी साध्या टायरपेक्षा मोकळी आणि काठाला दातेरी असते. मुरूम, खडी, वाळू, ओले गवत, भुरभुरीत माती यांवर ती उत्तम धरते आणि डांबरी रस्त्यावरही त्रास देत नाही. थोडा आवाज करते एवढेच. पण चिकट काळ्या मातीत तिची मर्यादा आहे. माती खोबणीत भरून बसते, निघत नाही आणि टायर तुकतुकीत होतो. फक्त चिखलासाठीचे जे टायर असतात त्यांची खोबण रुंद असल्याने ते चाक फिरताना माती झटकतात. मात्र डांबरीवर ते गुरगुरतात आणि लवकर झिजतात. ज्या सभासदाची गाडी महिन्यातले बहुतेक दिवस डांबरीवर असते त्याने ते घेऊ नयेत.

रुंद टायर म्हणजे चिखलात हमखास चांगला, हीही समजूत तपासायला हवी. वरचा थर पातळ आणि खाली मुरमाचा तळ घट्ट असेल, तर अरुंद टायर चिखल कापून तळाला लागतो आणि निघतो. रुंद टायर वरच तरंगत घसरतो. चिखल खोल असेल, तळ लागतच नसेल, तर रुंद टायरचा उपयोग. जुन्या लाकडी चाकाच्या बैलगाडीला अरुंद लोखंडी धाव असायची आणि टायरगाडीला रुंद रबर असते. कोणती गाडी कुठे रुतायची हे वडीलधाऱ्यांना विचारा, ते बरोबर सांगतील.

चिखलात उतरण्यापूर्वी, गाडी रिकामी असताना, ठरलेल्या हवेतून आठ-दहा पौंड कमी केले तर टायर पसरतो आणि पकड वाढते. तेवढ्यात ताशी वीसच्या वर जाऊ नये, आणि डांबरीला लागण्यापूर्वी पंप मारून हवा पूर्ववत करावी. कमी हवेवर बोजा घेऊन पळणारा टायर तापून फुटतो. पंप नसेल त्याने हा उद्योग करूच नये.

तेव्हा आमचे मत विचाराल तर, बहुतेक सभासदांनी मूळ २१५/७५ मापातच चांगला ऑल-टेरेन टायर घ्यावा. पोट घासण्याची अडचण रोजचीच असेल, जागा वरच्या रीतीने मोजून पुरत असेल आणि कागदोपत्री हरकत नसेल, तरच २३५/७५ कडे वळावे.

खरेदी करताना टायरच्या बाजूला लंबवर्तुळात चार आकडे पाहा. २३२५ असेल तर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला माल. फार दिवस पडून असलेला टायर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. पैशाची ओढाताण असेल तर एका आसावरचे दोन्ही तरी सारखे असावेत. मागच्या चाकांना ओढ असलेल्या गाडीत नवी जोडी मागे घालावी. चारी चाकांना ओढ असलेल्या गाडीला मात्र चारही एकाच मापाचे, सारखेच झिजलेले हवेत, नाहीतर गिअरपेटीवर ताण येतो. स्टेपनीही त्याच मापाची घ्यावी आणि ती तिच्या जागी बसते का, दार लागते का, हे दुकानातच पाहावे. टायर बसवल्यावर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्या, आणि शंभरेक किलोमीटर चालल्यावर चाकांचे नट पुन्हा एकदा पान्याने आवळा.