संगणकाचा हजेरीपट

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या पुराने राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांच्याही वर मजल मारली आणि कोल्हापूर शहरातील कित्येक वस्त्यांचा वीजपुरवठा बंद ठेवणे भाग पडले. पुढे पाणी ओसरले, वीज पूर्ववत झाली. परंतु शाहूपुरीतील ज्या एका पतसंस्थेच्या संगणकांची देखभाल माझ्याकडे होती, तेथील मुख्य संगणक अपरात्री बंद पडून पुन्हा आपोआप चालू होई, आणि रात्री चालणारे रोजकीर्दीचे काम अर्धवट राही. कारण कोणास ठाऊक नसल्यामुळे संशय रात्रपाळीच्या शिपाईमामांवर आला, आणि इमानेइतबारे चाकरी केलेल्या त्या वृद्ध गृहस्थांकडे व्यवस्थापनाने लेखी खुलासा मागितला. पुराव्यावाचून कोणाची अब्रू पणास लागावी हे मला असह्य झाले, म्हणून यंत्र केव्हा आणि कसे बंद पडते याची नोंद ठेवणारी एक लहानशी स्क्रिप्ट मी लिहिली.

लिनक्स प्रणालीतील ‘प्रॉक’ या डिरेक्टरीत ‘अपटाइम’ नावाची एक फाईल असते. तिच्यातील पहिला आकडा यंत्र सुरू झाल्यापासून लोटलेले सेकंद सांगतो. हा आकडा विश्वसनीय खरा, पण तो केवळ चालू जन्माचा. मागचा जन्म केव्हा आणि कसा संपला याविषयी तो मौन पाळतो. म्हणून ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या ‘क्रॉन’च्या साहाय्याने दर मिनिटास एक ओळ लिहावी: तारीख-वेळ, हा सेकंदांचा आकडा, आणि प्रत्येक आरंभी नव्याने निर्माण होणारा ‘बूट आयडी’. आयडी बदलला की यंत्र नव्याने सुरू झाले हे निर्विवाद ठरते. याखेरीज यंत्र रीतसर बंद होत असता निरोपाची एक ओळ लिहिली जाईल अशी तजवीज करावी. ती ओळ जेथे नसेल, तेथे यंत्राचा अंत आकस्मिक झाला असे समजावे. लिहिलेली ओळ काही काळ केवळ स्मृतीतच राहू शकते, यास्तव ती ‘सिंक’ करून तत्काळ डिस्कवर उतरवणे अगत्याचे. नाहीतर वीज जाण्यापूर्वीची नेमकी हवी ती ओळच नाहीशी होते.

घड्याळावर मात्र सर्वस्वी विसंबू नये. मदरबोर्डावरचा तीन व्होल्टांचा चपटा सेल क्षीण झाला असता वीज जाऊन आल्यावर घड्याळ जुन्याच सालात जाऊन बसते, आणि इंटरनेटवरून वेळ जुळेपर्यंतच्या नोंदी भलत्याच तारखांच्या होतात. आमच्या यंत्रात हेच घडत होते. ओळींचा क्रम आणि बूट आयडी यांच्या आधारेच खरा वृत्तांत उलगडला.

निरोपाची ओळ एकाही रात्री नव्हती, आणि मामा रजेवर असतानाही तोच प्रकार घडला होता. तेव्हा मी मुख्य स्विच उतरवून पाहिला. यूपीएसने मिनिटभरही तग धरला नाही. बॅटरी निकामी झाली होती, एवढेच त्या प्रकरणाचे मूळ! मामांना दिलेले पत्र व्यवस्थापनाने लेखी मागे घेतले, हे येथे मुद्दाम नमूद करतो.

ज्यांच्या कचेरीत विंडोज आहे त्यांनी विशेष सावध असावे. विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे शटडाउन करूनही अपटाइमचा आकडा शून्यावर येत नाही, तो रीस्टार्टनेच येतो. तेथे इव्हेंट लॉग चाळावा: १०७४ क्रमांक हेतुपुरस्सर बंद केल्याचा, ६००८ अनपेक्षित बंद पडल्याचा.

पतसंस्था, ग्रंथालये, शाळा यांच्या चालकांस माझी कळकळीची विनंती आहे की, पंचगंगा ३९ फुटांच्या इशारापातळीस पोहोचण्याची वाट न पाहता त्यांनी मृगापूर्वीच ही नोंद सुरू करावी, तिची प्रत रोज दुसऱ्या इमारतीतील यंत्रावर धाडावी, आणि कोणत्याही सेवकाकडे खुलासा मागण्याआधी ती एकवार वाचून घ्यावी.