आभाळ मोकळं होतं, म्हणे!

लालबागच्या कट्ट्यावर सध्या माझ्या नावाने एक किस्सा फिरतोय. ‘मस्कतवाला पाणी बघून टरकला आणि सगळ्यांची पिकनिक बरबाद केली.’ मस्कतवाला म्हणजे मी, तिथली नोकरी संपवून परतलेला. सांगणारा तोच, ज्याला मी मनगटाला धरून पाण्याबाहेर ओढला. त्या ओढाताणीत माझा गुडघा पिरगळला, तो परळच्या डॉक्टरकडे अजून निस्तरतोय. म्हणून म्हटलं, एकदा झालं तसं सांगून टाकावं. साठी ओलांडलेल्या मित्रांबरोबर पावसात धबधब्याला निघालेल्यांना उपयोग झाला तर होईल.

ठिकाण विहीगाव. कसाऱ्याहून खोडाळा-जव्हारच्या रस्त्याला. उंच धार, साधारण १२० फुटांची. ‘अशोका’ सिनेमाचं शूटिंग झालं म्हणून अशोका धबधबाही म्हणतात. मी गिरगावचा, त्यामुळे सीएसएमटीला चढून सगळ्यांच्या जागा मी धरायच्या हे परस्पर ठरलं. दादर येईपर्यंत रुमाल, छत्री, पिशवी असं काय काय सीटवर टाकून भायखळ्याला चढलेल्यांच्या शिव्या खाल्ल्या. कसाऱ्यापासून जीपचं भाडंही मीच द्यायचं, का तर ‘तुझं काय बाबा, रियालमध्ये!’ नोकरी संपली की रियालही संपतात, गल्फमधल्या खाजगी नोकरीला पेन्शन नसते, हे आपल्याकडे कोणाला सांगून पटत नाही.

पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता. चक्क ऊन पडलं. मंडळी धारेखाली शिरली, मी काठाला बसलो. ज्या दगडावर चष्म्याची डबी ठेवली होती त्याचा पाण्यालगतचा पट्टा उन्हाने सुकला होता. गप्पा मारता मारता लक्ष गेलं, तर तो पट्टा दिसेनासा झालेला. मग पाण्याचा रंग बदलला, पांढऱ्याचं चहासारखं गढूळ झालं. पाठोपाठ काटक्या आणि पालापाचोळा यायला लागला. आवाजही जड झाला. कणसं भाजणाऱ्या बाईंनी पंखा खाली ठेवला आणि म्हणाल्या, “भाऊ, वर लई पडलाय. माणसं काढा बाहेर.”

हे चित्र मला नवं नव्हतं. ओमानमध्ये वर्षाचे बहुतेक दिवस कोरडी पडलेली वादी, म्हणजे डोंगरातला ओढा, डोक्यावर ऊन असताना भरून येते, कारण पाऊस वर डोंगरात पडलेला असतो. २००७ च्या जूनमध्ये गोनू वादळात मस्कतचे रस्ते वाहून गेलेले आम्ही पाहिलेत. शेजारच्या अमिरातीत तर २०२३ पासून पावसात वादीजवळ नुसती गर्दी केली तरी १००० दिरहम दंड आहे. हे मी लोकलमध्येच सांगायला घेतलं होतं. त्यावर काय ऐकलं? “वाळवंटातला माणूस आता आम्हाला पाऊस शिकवणार!” डबाभर हशा.

मी हाका मारल्या. धारेच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? हातवारे केले, तर त्यांना वाटलं मी टाटा करतोय. त्यांनीही उलट हात हलवले. शेवटी आत उतरून एकेकाचा खांदा हलवला. बाकीचे निघाले. हा पठ्ठ्या मात्र रील पुरी करतोय. “अरे थांब की, आभाळ बघ, मोकळं आहे!” तेवढ्यात पाणी गुडघ्यावरून मांडीपर्यंत चढलं आणि त्याचा पाय सुटला. पुढचं वर सांगितलंच. थोड्या वेळाने तो जिथे उभा होता तो दगड दिसत नव्हता. बाहेर आल्यावर साहेबांचं पहिलं वाक्य, “माझा मोबाईल कुठाय?” घरी जाईपर्यंत, नंतरही, माझ्या गुडघ्याची चौकशी नाही.

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तो व्हिडिओ आमच्या ग्रुपवरही आला होता. खाली सगळ्यांनी हात जोडले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गुड मॉर्निंग सुरू. त्यातून शिकायचं काय, ते कोणी विचारलं नाही. म्हणून माझ्याकडून घ्या.

डोक्यावरचं आभाळ बघू नका, पाणी जिथून येतं तिकडचं बघा. मुंबईत ऊन असलं म्हणून निघू नका. ज्या जिल्ह्यात जाणार त्याचा आणि लगतच्या घाटमाथ्याचा हवामान खात्याचा इशारा आदल्या रात्री आणि निघताना, दोन्ही वेळा पाहा. ऑरेंज म्हणजे २४ तासांत ११५ मिलिमीटरच्या वर आणि रेड म्हणजे २०४ च्या वर पावसाची शक्यता. त्या दिवशी घरी भजी तळा.

जिल्हाधिकाऱ्यांचा बंदी आदेश आहे का ते विचारा. पूर्वी तो कलम १४४ खाली निघायचा, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. ‘तिथे कोण बघतंय’ म्हणणारा प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतो. त्याचं ऐकू नका.

पोचल्याबरोबर पाण्याच्या कडेचा एक दगड हेरून ठेवा. तो बुडायला लागला की बाहेर. पाणी गढूळ झालं, काटक्या आल्या, तरी बाहेर. दगड पूर्ण बुडायची वाट पाहू नका. गावातला माणूस निघा म्हणाला तर वाद घालायचा नाही. त्याचा धंदा तुमच्या थांबण्यावर चालतो, तरी तो निघा म्हणतोय, एवढं समजा.

गळ्यात शिट्टी हवी. घसा फोडून काही होत नाही. तीन शिट्ट्या म्हणजे सगळे बाहेर, हे गाडीतच ठरवा, आणि शिट्टी कोणाकडे तेही. एक जण कायम काठावर, कोरडा.

रक्तदाबाच्या गोळ्या, चष्म्याची दोरी, घट्ट बसणारे बूट. स्लीपर घालून शेवाळावर जाऊ नका. दारू नको, हे सांगायला लागू नये, पण लागतं. मोबाईलला रेंज असेलच असं धरून चालू नका. आणीबाणीत ११२ लावा, रुग्णवाहिकेला १०८.

परदेशातून कायमचे परतलेल्यांसाठी खास. कंपनीचा वैद्यकीय विमा नोकरीबरोबर संपतो. इथला स्वतःचा विमा आधी काढा, सहली मग. आणि वर्गणी निघण्याआधी गोळा करा. जीपचे पैसे मला अजून मिळालेले नाहीत.

पुढच्या पावसात ग्रुपवर परत ‘चलो’ येईलच. मी जाईन. शिट्टी माझ्या गळ्यात असेल आणि निघायची वेळ मी सांगेन. ज्यांना पटत नाही त्यांनी गिरगाव चौपाटीवर भेळ खावी.