सिगारेटविक्रीला बंदी असावी काय ?

तंबाखूच्या सेवनाने कर्करोग, हृदयविकार व श्वसनाचे रोग जडतात, याविषयी वैद्यकशास्त्रात आता दुमत उरलेले नाही. तेव्हा असा पदार्थ विकूच का द्यावा, असा प्रश्न विचारी मनुष्यास पडणे स्वाभाविक आहे.

या बाबतीत भूतानचा अनुभव उद्बोधक आहे. त्या देशाने २००४ साली तंबाखूच्या विक्रीस देशभर बंदी केली व २०१० साली कायदा अधिक कडक केला. परंतु व्यसनी मनुष्याची तलफ आज्ञेने शमली नाही. भारताच्या सरहद्दीवरून चोरटा माल येतच राहिला. पुढे कोरोनाच्या साथीत, या चोरट्या वाहतुकीबरोबर रोगही देशात शिरेल या भीतीने २०२० साली बंदी उठविण्यात आली आणि २०२१ साली कायदाच बदलण्यात आला.

यावरून बंदी सर्वस्वी निरर्थक, असे अनुमान काढणे मात्र घाईचे होईल. जडलेले व्यसन सोडविणे कठीण. न जडलेले टाळणे त्या मानाने सुकर. भारताच्या २००३ सालच्या कायद्यात हाच विवेक दिसतो. प्रौढांना होणारी विक्री त्याने बंद केली नाही. परंतु अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूचे पदार्थ विकण्यास आणि शिक्षणसंस्थेपासून १०० वारांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरांच्या, आत ते विकण्यास मनाई केली. हे अंतर शाळेच्या कुंपणापासून सरळ रेषेत मोजावयाचे असते. रस्ता वळणाचा असल्याने ते अधिक भरते, ही सबब चालत नाही. महाराष्ट्रात २०२० साली सुट्या सिगारेटी व विड्या विकण्यासही मनाई झाली. मुलाच्या खिशातील पैशांत पाकीट येत नाही, सुटी सिगारेट येते, हे त्यामागील मर्म होय.

तथापि कायद्याचा हात घराच्या उंबरठ्याशी थबकतो. ‘जा रे बाळ, विडीबंडल घेऊन ये,’ असे वडील सहज सांगतात. आजी मुलासमोर मिश्री लावते. मुलास दुकानाची वाट प्रथम दिसते ती अशी. पालकसभेत ही गोष्ट कोणासही न दुखविता, परंतु स्पष्टपणे मांडली पाहिजे. दुकानदार हाही बहुधा गावातीलच पालक असतो. तक्रारीपूर्वी त्याच्याशी दोन शब्द बोलणे इष्ट.

सर्वांत अवघड भाग शिक्षकाच्या स्वतःच्या आचरणाचा आहे. शाळेच्या दारी मनाईचा फलक आणि गुरुजींच्या खिशात चुन्याची डबी असेल, तर विद्यार्थी फलक वाचीत नाहीत, डबी वाचतात. विक्रीबंदी किती व्यापक असावी, हे शासन ठरवील. पण शाळेच्या कुंपणाच्या आत ती संपूर्ण असावी, हे ठरविणे शिक्षकाच्याच हाती आहे.

अभ्यास व उपक्रम
१. भूतानमधील बंदी का टिकली नाही ? केंद्रसभेत चर्चा करावी.
२. गणिताच्या तासास विद्यार्थ्यांकडून शाळेच्या परिसराचा नकाशा काढवून त्यावर ९१ मीटरांची मर्यादा दाखवावी.
३. मुलांना तंबाखू आणावयास न पाठविण्याविषयी पालकसभेत ठराव मांडावा.