कूलंट घेतेस, पण पाणी कुठलं?

अगं, गाडीचं कूलंट बदलायचंय म्हणालीस, म्हणून आधीच सांगून ठेवते. हिरवं घ्यायचं की गुलाबी, यावर तू गॅरेजवाल्या दादांशी अर्धा तास बोलशील. पण त्यात पाणी कुठलं घालणार, हे विचारशील का? घट्ट कूलंट घेतलं की निम्मं पाणीच असतं त्यात, आणि बऱ्याच ठिकाणी गाड्या धुवायची नळीच रेडिएटरमध्ये सोडतात.

तुमच्याकडे बोअरचं पाणी. बाथरूमच्या नळाच्या तोंडाशी पांढरा थर बसलाय बघ, नखानं खरवडला तरी निघत नाही. तेच क्षार इंजिनात जातात. पाणी तापलं की ते बाहेर पडतात, त्यामुळे इंजिन जिथे सगळ्यात जास्त तापतं, नेमका तिथेच थर बसतो आणि आतली उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही. शिवाय जपानी-कोरियन गाड्यांच्या कूलंटमध्ये बहुधा फॉस्फेट असतं. जड पाण्यातल्या कॅल्शियमशी त्याची गाठ पडली की गाळ होतो आणि गंज रोखण्यासाठी घातलेलं औषधच वाया जातं. पाण्यातलं क्लोराइड तर ॲल्युमिनियमला बारीक बारीक खड्डे पाडतं, आणि हल्लीचे रेडिएटर बहुतेक ॲल्युमिनियमचेच.

आरओचं चालेल का, म्हणशील. नळाच्या पाण्यापेक्षा बरं, पण घरच्या आरओत चवीसाठी थोडे क्षार मुद्दाम राखलेले असतात. बाटलीतल्या मिनरल वॉटरचंही तेच. उकळून गार केलेलं नको, एसीतून ठिबकणारंही नको. सरळ बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड वॉटरचा सीलबंद कॅन आण. कूलंटच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ आहे. फक्त लेबल डोळ्यांत तेल घालून वाच, कारण त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही तसल्याच कॅनमध्ये असतं.

डब्यावर ‘रेडी टू यूज’ लिहिलेलं असेल, तर पाणी घालायचंच नाही, ते आधीच मिसळलेलं असतं. घट्ट असेल तर गाडीच्या पुस्तकात दिलेलं प्रमाण पाळ, बहुधा निम्मं-निम्मं. जास्त कूलंट म्हणजे जास्त चांगलं, असं नाही हं! ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. आणि नुसतं डिस्टिल्ड वॉटरही भरून ठेवायचं नाही, त्यात गंज रोखणारं काहीच नसतं.

आता एक गोष्ट गॅरेजमध्ये समोर उभी राहून करून घे. रेडिएटर रिकामा केला तरी इंजिनाच्या पोटात बरंच जुनं पाणी उरतं. नळाच्या पाण्यानं धुतलं, तर उरतं ते नळाचंच. म्हणून शेवटची धुलाई डिस्टिल्ड वॉटरनं करायला सांग. समज, सगळं मिळून पाच लिटर मावतं आणि धुतल्यावर दोन लिटर आतच राहिलं. मग आधी अडीच लिटर घट्ट कूलंट भरायचं आणि उरलेल्या जागेत डिस्टिल्ड वॉटर. बाहेर निम्मं-निम्मं कालवून ओतलं, तर आतल्या पाण्यामुळे मिश्रण पातळ होतं.

मे महिन्यात खंबाटकी घाटात गाडी तापलीच, तर हट्ट धरू नकोस. बाजूला घे, इंजिन पूर्ण गार होऊ दे. तोवर झाकणाला हात लावायचा नाही, आत दाबाखाली उकळतं पाणी असतं. मग हाताशी असेल ते प्यायचं पाणी घाल आणि जवळचं गॅरेज गाठ. पुढे सगळं काढून, धुऊन नव्यानं भरून घे.

आणि उरलेलं कूलंट झाकण घट्ट लावून वरच्या फळीवर ठेव. ते गोडसर लागतं आणि चांगलंच विषारी असतं. काढलेलं जुनंही पार्किंगमध्ये सांडू देऊ नकोस, सोसायटीतली कुत्री-मांजरं चाटतात गं.