तारांच्या आऱ्यांचे चाक : घरी बांधावे की कारागिराकडे द्यावे?

मोटारसायकलीचे तारांच्या आऱ्यांचे चाक पाहणाऱ्यास सामान्यतः असे वाटते की, तुंब्याखालचे आरे खांबांप्रमाणे गाडीचे वजन पेलून धरीत असावेत. बैलगाडीच्या चाकाच्या बाबतीत ही समजूत योग्य आहे. तेथे लाकडी आरे जाड असतात, तुंबा व पुठे यांच्यामध्ये ते दाबून बसविलेले असतात, आणि लोहाराने तापवून चढविलेली लोखंडी धाव थंड होताना आकसून साऱ्या चाकाला आवळून धरते. तारेच्या आऱ्याला असा दाब सोसत नाही. तीन-चार मिलिमीटर जाडीची तार दोन टोकांकडून दाबली तर ती वाकते. तिचे सारे सामर्थ्य ताण सहन करण्यात आहे. म्हणून असे चाक बांधताना प्रत्येक आरा आधीच ताणून ठेवावा लागतो, आणि वजन आले म्हणजे खालच्या काही आऱ्यांचा ताण थोडा उतरतो.

ही कल्पना जॉर्ज केली या इंग्रज संशोधकाने १८०८ मध्ये उडत्या यंत्राच्या चाकांचा विचार करताना आपल्या वहीत टिपली होती. पुढे जेम्स स्टार्ली याने १८७४ मध्ये तुंब्याच्या परिघाला स्पर्शून निघणाऱ्या आणि एकमेकांना छेदणाऱ्या आऱ्यांच्या रचनेचे पेटंट घेतले. साखळीचा ओढा आणि ब्रेकचा झटका तुंब्याकडून रिमपर्यंत पोहोचतो तो या तिरक्या आऱ्यांमुळेच. मद्रासमध्ये १९५५ नंतर तयार होऊ लागलेल्या एन्फील्ड बुलेटच्या चाकात असे ४० आरे असत. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९९६ पर्यंत बाहेर पडलेल्या जावा-येझ्दींच्या चाकांत ३६. आजही तारांची चाके असलेल्या मोटारसायकलींत तत्त्व तेच आहे.

या तत्त्वावरून जो निष्कर्ष निघतो, तो घरी काम करू इच्छिणाऱ्याने प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. चाक सरळ फिरते की नाही, हे डोळ्यांना दिसते. आऱ्यांचा ताण सारखा आहे की नाही, हे दिसत नाही. आपल्याकडे चाक सरळ करण्याच्या क्रियेला ‘आउट काढणे’ म्हणतात, आणि आउट निघाला म्हणजे काम संपले असा समज रूढ आहे. वस्तुतः वाकलेली रिमदेखील काही आरे वाजवीपेक्षा अधिक आवळून आणि काही सैल सोडून सरळ फिरविता येते. असे चाक पहिल्या दिवशी निर्दोष दिसते. परंतु सैल आऱ्यावर प्रत्येक फेऱ्यात ताण येतो आणि पूर्णपणे उतरतो. या हेलकाव्याने धातू शिणतो, आणि तुंब्याजवळ जेथे आरा वळविलेला असतो तेथे तो तुटतो. एक आरा तुटला की त्याचा भार शेजाऱ्यांवर जातो. पुढच्या चाकात, भर वेगात हे घडणे किती गंभीर आहे हे वेगळे सांगावयास नको.

उदाहरणादाखल दुर्ग-भिलाई या जोडशहरातील मोहननगरात राहणारा आणि पाळीप्रमाणे कामावर जाणारा एखादा फिटर घेऊ. भिलाईचा पोलाद कारखाना १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिला, त्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली, आणि तारेसाठी लागणारी सळई लाटणारी गिरणीही तेथे आहे. लोखंडाशी नित्य संबंध असलेल्या या माणसाला पाना धरावयास कोणी शिकविण्याची गरज नाही. थंड अवस्थेत साच्यातून ओढलेली तार अधिक बळकट का होते, आणि कापून पाडलेल्या आट्यांपेक्षा दाबून उमटविलेले आटे का टिकतात, हेही तो जाणतो. शिवाय गाडी दोन-तीन दिवस दुकानात अडकून पडली, तर पाळीवर वेळेवर पोहोचण्याची अडचण उभी राहते. अशा माणसाने चाक घरी का बांधू नये? माझ्या मते त्याने ते अवश्य बांधावे; मात्र रिम शाबूत आहे, तुंबा शाबूत आहे, आणि मूळच्याच मापाचे आरे हाती आहेत, तरच.

काम सुरू करताना होणारी सर्वांत महाग चूक पहिल्या पाच मिनिटांत होते. आरे सोडण्यापूर्वी रिम तुंब्याच्या मानाने डाव्या-उजव्या बाजूस किती सरकलेली आहे, ते मोजून ठेवावे लागते. अनेक मोटारसायकलींत रिम तुंब्याच्या बरोबर मध्यावर नसते. साखळीची चक्री किंवा ब्रेकचा ड्रम एका बाजूस असल्यामुळे ती मुद्दाम सरकविलेली असते. ड्रमच्या कडेवर सरळ पट्टी ठेवून रिमपर्यंतचे अंतर मोजावे आणि कागदावर लिहावे. हे माप हरवले तर चाक कितीही सरळ फिरो, पुढचे व मागचे चाक एका रेषेत येणार नाही. त्याचबरोबर आऱ्यांच्या विणीचे चित्र काढावे किंवा छायाचित्र घ्यावे. आतून येणारे आणि बाहेरून येणारे आरे पुष्कळदा वेगवेगळ्या कोनात वळविलेले असतात. रिमची भोकेही विशिष्ट बाजूस कललेली असतात. चुकीच्या भोकात बसविलेला आरा निपलपाशी वाकतो आणि तेथेच तुटतो.

बांधणीसाठी खास स्टँड हवाच असे नाही. गाडीचा मागचा चिमटा, चाकाचा आस आणि रिमजवळ घट्ट बांधलेली एक तार एवढ्यावर काम भागते. बेअरिंग झिजलेली नाहीत याची आधी खात्री करावी, नाहीतर बेअरिंगचा खुळखुळा रिमच्या माथी मारला जातो. निपलांच्या आट्यांना तेल द्यावे, सर्व आरे प्रथम सारखेच हाताने बसवावे, आणि मग पान्याने अर्धा-अर्धा फेरा देत संपूर्ण चाकाला प्रदक्षिणा घालावी. येथे उतावीळपणा करणाऱ्याचे चाक अंड्याच्या आकाराचे होते. प्रथम वर-खाली होणारा उंचवटा काढावा : रिम जेथे आसापासून दूर जाते तेथले दोन्ही बाजूंचे आरे किंचित आवळावेत. त्यानंतर बाजूचा आउट : रिम उजवीकडे झुकत असेल तर तेथले डावे आरे जितके आवळाल तितकेच उजवे सैल करा. फक्त आवळीतच जाण्याची सवय वाईट. तिने एकूण ताण वाढत जातो आणि शेवटी निपल रिममधून ओढले जाते. रिमच्या सांध्याशी वेल्डिंगमुळे बारीकसा उंचवटा असतो, त्याच्या मागे लागू नये. उत्पादकांच्या पुस्तिकांत पुष्कळदा २ मिलिमीटरपर्यंतचा आउट चालतो असे दिलेले असते. शांतपणे काम करणाऱ्यास अर्ध्या मिलिमीटरपर्यंत येणे अशक्य नाही.

ताण तपासण्याचे घरगुती साधन म्हणजे कान. टायर काढलेल्या चाकाच्या आऱ्यांवर पेचकसाच्या दांड्याने हलकेच टिचकी मारीत गेल्यास घट्ट आरा खणखणतो, सैल आरा बद्द बोलतो. मात्र तुलना एकाच बाजूच्या, एकाच लांबीच्या आणि एकाच जाडीच्या आऱ्यांत करावी. निपलाबाहेर डोकावणारी आऱ्याची टोके कानशीने घासून टाकावीत आणि वरून रबरी पट्टी बसवावी, अन्यथा ट्यूब फुटेल.

आता कारागिराकडे केव्हा जावे? या कसोटीत वाचकाचा स्वाभिमान आड येऊ नये. सर्व आरे सैल सोडल्यावरही रिम वाकलेली दिसली, भोकांभोवती तडा आढळला, तुंब्याची भोके झिजून लांबट झाली असली, किंवा निराळ्या बनावटीची रिम बसवावयाची असून आऱ्यांची लांबी नव्याने काढावी लागत असली, तर घरचा पाना खाली ठेवावा. यांपैकी एकही दोष आवळण्याने बरा होत नाही; तो फक्त झाकला जातो. अपघातात सापडलेल्या पुढच्या चाकाबद्दल तर विचारही करू नये.

परंतु कारागीर म्हणजे दुकानाची पाटी नव्हे. टायर चढविलेलाच ठेवून दहा मिनिटांत चार निपले आवळून देणारा माणूस आउट काढतो, चाक बांधीत नाही. त्याने टायर काढला काय, बाजूचे माप विचारले काय, जुने आरे वाजवून पाहिले काय, एवढे तीन प्रश्न पुरेत. तुंबा त्याच्याकडे द्यावयाचा तो नव्या बेअरिंगसह आणि आसासह द्यावा, सोबत आपण लिहून ठेवलेल्या मापाचा कागद असावा. चाक परत आल्यावर, मग ते घरी बांधलेले असो वा दुकानात, पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर आरे पुन्हा एकदा वाजवून पाहावेत. निपले आपापल्या जागी बसत असताना थोडा ताण उतरतोच, आणि तो त्याच वेळी पाव फेऱ्याने भरून काढता येतो.